नालदेहरा येथील गोल्फ आणि डोंगरावरचा मुक्काम

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि गेल्या काही वर्षांपासून आम्ही निर्यातदारांमार्फत गोल्फसाठी लागणारे टॉवेलही विणून देतो. तीन घड्या घातलेला, कोपऱ्यात पितळी आयलेट ठोकलेला आणि त्यात हूक अडकवलेला हा टॉवेल गोल्फच्या पिशवीला लटकतो, यापलीकडे मला त्याच्याविषयी फारसे काही ठाऊक नव्हते. आपण वर्षाला इतके गठ्ठे बाहेर पाठवतो, तर ती वस्तू वापरणाऱ्या माणसाच्या हातात काय करते हे एकदा पाहावे, या विचाराने चार वर्षांपूर्वी मी पुण्यात मुलीकडे गेलो की ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे फटके सरावण्याच्या जागी, जाऊ लागलो आणि पाहता पाहता त्या खेळाची गोडी लागली. या वर्षी मे महिन्यात, सोलापुरात पारा 43 अंशांवर गेलेला असताना, पत्नीसह हिमाचल प्रदेशातील नालदेहरा येथे जाऊन तीन दिवस गोल्फ खेळलो आणि जवळच्या एका खासगी रिसॉर्टमध्ये चार रात्री राहिलो. मैदान आणि मुक्काम या दोन्ही गोष्टींविषयी येथे लिहीत आहे, आणि त्या वेगवेगळ्या तोलत आहे, कारण एकीची वाखाणणी करताना दुसरीच्या उणिवा झाकल्या जाऊ नयेत असे मला वाटते.

प्रवास लांबचा आहे, तरी सोलापूरकरांना तो अवघड नाही. बेंगळुरूहून येणारी कर्नाटक एक्सप्रेस सकाळी सोलापुरात मिळते आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोहोचवते. तेथून संध्याकाळच्या शताब्दीने आम्ही कालक्याला गेलो, रात्र तेथेच काढली आणि सकाळी शिमल्याची छोटी गाडी धरली. ही 96 किलोमीटरची अरुंद रुळांची वाट 1903 साली सुरू झाली, तिच्यावर 102 बोगदे आहेत आणि 2008 पासून तिची गणना जागतिक वारशात होते. कालका समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर, तर शिमला दोन हजारांहून अधिक मीटरवर आहे. मोटारीने हीच चढण निम्म्या वेळात होते, पण ज्याला दुसऱ्या दिवशी डोंगरावर चालत खेळायचे आहे त्याने सावकाश चढावे, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. पाच-साडेपाच तासांत हवा पायरीपायरीने बदलत जाते आणि शरीराला त्या बदलाची सवय होण्यास अवधी मिळतो.

शिमल्याहून मशोबऱ्याच्या रस्त्याने सुमारे 22 किलोमीटरवर नालदेहरा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याला ही जागा इतकी आवडली होती की 1904 साली जन्मलेल्या आपल्या तिसऱ्या मुलीच्या नावात त्याने ‘नालडेरा’ हा शब्द घातला. येथील गोल्फ मैदानाची सुरुवात त्याच्याच काळातली, 1905 सालची मानली जाते. मैदान अठरा होलचे (होल म्हणजे चेंडू खळग्यात घालेपर्यंतचा खेळाचा एक टप्पा), पार 68 चे आहे, म्हणजे निष्णात खेळाडूला ते पूर्ण करायला 68 फटके लागावेत असे धरले जाते. सपाटीवरील मैदानांचे पार बहुधा 70 ते 72 च्या दरम्यान असते, त्यामुळे 68 हा आकडा पाहून अनेकांची समजूत होते की हे मैदान सोपे असेल. लांबीच्या हिशेबाने ते आखूड आहेच, परंतु सोपे मुळीच नाही. चोहोबाजूंनी देवदारांची गर्द राई आहे, फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे खेळण्याचे पट्टे, डोंगराच्या अंगावरून वर जातात, खाली उतरतात, आणि खेळाडूला दोन्ही पाय एका पातळीवर ठेवून उभे राहता येईल अशा जागा मोजक्याच सापडतात. मैदानाच्याच परिसरात माहूनाग देवाचे मंदिर आहे. माहूनाग म्हणजे दानशूर कर्ण, अशी त्या भागातील लोकांची श्रद्धा आहे. पत्नी रोज सकाळी माझ्याबरोबर निघे, मंदिरात थांबे आणि पुढच्या होलला आम्हाला येऊन मिळे. खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या अशा दोघांचीही सकाळ सारखीच भरलेली जावी, असे ठिकाण मला तोवर सापडले नव्हते.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. रेंजवर शिकलेल्या माणसाची मोठी अडचण अशी की त्याने आयुष्यभर रबरी चटईवरून, सपाट जागेवर उभे राहून फटके मारलेले असतात. नालदेहऱ्याला पहिल्याच फेअरवेवर माझा चेंडू माझ्या पावलांपेक्षा जवळजवळ वीतभर उंचावर येऊन थांबला होता. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा असा चेंडू डावीकडे ओढला जातो. चेंडू पावलांच्या खाली असेल तर तो उजवीकडे जातो. चढावर उभे राहून मारलेला फटका उंच उडतो आणि आखूड पडतो, उतारावरचा सखल जातो आणि पडल्यावर दूरवर पळतो. हे सगळे मी वाचलेले होते, पण वाचलेले पायांना कळायला पहिली सकाळ संपूर्ण खर्ची पडली. चढावर एक नंबर लांबची आयर्न (लोखंडी डोक्याची गोल्फची काठी) घ्यायची, ती थोडी खाली धरायची आणि अंगात जितका जोर आहे त्याच्या तीन-चतुर्थांशच लावायचा, ही गोष्ट तेथील कॅडीने, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या सोबत्याने, मला न थकता प्रत्येक फटक्याच्या आधी सांगितली. पूर्ण जोर लावला की उतारावर पाय घसरतो आणि मग फटक्याबरोबर माणूसही खाली येतो, हे त्याने मला एकदा करूनही दाखवले.

उंचीचा परिणाम हा आणखी एक विषय आहे आणि त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. दोन हजार मीटरवरील हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण 18 टक्के विरळ असते, म्हणून चेंडूला होणारा अडथळा कमी होतो आणि तो ढोबळ हिशेबाने सात-आठ टक्के लांब जातो. पुणेही काही समुद्रसपाटीवर नाही, त्यामुळे पुण्यात 130 यार्ड जाणारी माझी सात नंबरची आयर्न येथे 137 यार्डांच्या आसपास जायला हवी होती. सकाळी सहा-साडेसहाच्या गारठ्यात मात्र हा लाभ जवळजवळ दिसतच नव्हता, कारण थंडीत हवा काहीशी दाट होते आणि चेंडूचा गाभाही कडक होऊन कमी उसळतो. नऊ-दहा वाजता ऊन फेअरवेवर उतरले की तेच फटके ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवताच्या जागेच्या, पलीकडे जाऊन पडू लागत. पहिल्या दिवशी माझे तीन चेंडू अशा रीतीने ग्रीनमागच्या देवदारांत गेले. पुढील दोन दिवस खेळण्याचा चेंडू मी दोन फटक्यांच्या मध्ये खिशात ठेवून ऊबदार ठेवावा काय, असे कॅडीला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की एका होलच्या दरम्यान चेंडू उगाच उचलायचा नाही. पुढच्या होलसाठीचा दुसरा चेंडू मात्र खिशात खुशाल ठेवावा. मी तसे केले आणि त्याचा थोडा फरक जाणवला.

देवदाराच्या सुयांचे एक वेगळेच प्रकरण आहे. झाडाखाली त्यांचा थर इतका जाड असतो की चेंडू त्यावर तरंगल्यासारखा बसतो. नियमाप्रमाणे चेंडूभोवतीच्या सुट्या सुया बाजूला करता येतात, परंतु ग्रीनबाहेर तसे करताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड बसतो. कॅडी अशा वेळी खाली बसून, दोन बोटांनी, तांदळातला खडा वेचावा तशी एकेक सुई उचलत असे आणि चेंडूला टेकलेल्या सुयांना हातही लावत नसे. ज्याच्या बुटांना चांगली पकड नाही त्याने त्या सुयांवरून उतार उतरू नये. पत्नीच्या साध्या चपला पहिल्याच दिवशी दोनदा घसरल्या आणि शिमल्याच्या बाजारातून तिच्यासाठी चालण्याचे बूट घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गारपीट झाली. हिमाचलात मे महिन्यात असे अचानक होते, आणि तेथील सफरचंदाच्या बागांवर ज्या पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या दिसतात त्या याच गारांपासून फळ वाचवण्यासाठी असतात. सकाळी निरभ्र असलेले आकाश दोन वाजता काळवंडले, ढगांचा गडगडाट ऐकू येताच कॅडीने खेळ थांबवायला लावला आणि आम्हाला झाडाखाली थांबू न देता थेट छपराखाली नेले. वीज कडाडत असताना उंच झाडांचा आसरा घेऊ नये, हे त्याला सांगावे लागले नाही. वीस मिनिटांत हिरवे फेअरवे पांढरेफटक झाले. हातात गारा घेतल्या तेव्हा पत्नीला तिच्या माहेरच्या द्राक्षबागेची आठवण झाली. पंढरपूरकडे द्राक्षाचा घड तयार होत असताना गारा पडल्या की घरात चूल पेटत नसे, असे ती सांगत होती, आणि कॅडी, ज्याच्या भावाची सफरचंदाची दहा-बारा झाडे होती, ते ऐकून मान डोलावत होता.

या गारपिटीमुळेच तिसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट मला अशी स्पष्ट दिसली की ती पाहायला पुन्हा तेथे जावे असे वाटते. एका छोट्या पार-तीन होलवर माझा चेंडू ग्रीनवर आला होता आणि खळग्यापासून सुमारे बारा फुटांवर थांबला होता. उजवीकडे डोंगराचा उंच खांदा होता, डावीकडे दरी. माझ्या डोळ्यांना ग्रीन उजवीकडे, म्हणजे डोंगराकडे किंचित कलल्यासारखी वाटत होती, आणि म्हणून मी खळग्याच्या डाव्या कडेचा नेम धरला. कॅडीने पटर (ग्रीनवर चेंडू ढकलण्याची काठी) माझ्या हातून हळूच बाजूला केला आणि मला ग्रीनच्या डाव्या कडेपर्यंत चालत नेले. तेथे गवतावर देवदाराच्या सुयांची एक बारीक, वाकडी रेघ जमली होती, जणू कोणी केरसुणीने केर एका बाजूला लोटून ठेवावा तशी. आदल्या दिवशीच्या गारा वितळल्या, ते पाणी ग्रीनवरून वाहत गेले आणि जाताना सुया त्या कडेला सोडून गेले. ‘बाऊजी, यहाँ का सारा पानी सतलुज जाता है,’ एवढेच तो म्हणाला. समोर एवढा मोठा डोंगर उभा असला की डोळा त्याच्या मानाने जमिनीचा कल मापतो आणि फसतो. पाणी फसत नाही. मी खळग्याच्या उजवीकडे जवळजवळ वितीभर अंतरावर नेम धरला, चेंडू सरळ गेला, अर्ध्या वाटेत दरीच्या बाजूला झुकला आणि आत पडला. तीन दिवसांतला तो माझा एकमेव बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी), आणि त्याचे श्रेय पूर्णपणे कॅडीचे आहे.

म्हणून नालदेहऱ्याला जाणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की कॅडीच्या पैशांत काटकसर करू नये. त्याच्याकडे पिशवी वाहणारा मजूर म्हणून पाहू नये, आणि तिन्ही दिवस एकच कॅडी मिळावा यासाठी पहिल्या दिवशीच बोलून ठेवावे, कारण पहिल्या दिवशी तो तुमचा हात ओळखतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा सल्ला तुमच्या मापाचा होतो. आमच्या कॅडीने लहानपणी येथेच चेंडू शोधून देण्याचे काम केले होते, आणि कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूला चेंडू थांबतो हे त्याला न पाहता सांगता येत होते. खेळाची साधने, म्हणजे क्लबचा (गोल्फच्या काठ्यांचा) संच, मैदानावर भाड्याने मिळतो. मी माझे सर्व क्लब न नेता फक्त पटर आणि दोन वेज (चेंडू उंच उडवण्याच्या काठ्या) बरोबर नेले आणि बाकीचा संच तेथे घेतला. आगगाडीच्या तीन बदल्या करत जाणाऱ्याला हेच सोयीचे पडते. अशा आखूड मैदानावर ड्रायव्हरची, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीची, गरज मला फारशी भासली नाही.

आता मुक्कामाविषयी. आम्ही राहिलो ते रिसॉर्ट मशोबरा ते नालदेहरा या रस्त्यालगत, डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले आहे. त्याचे नाव लिहिण्यात मला स्वारस्य नाही, कारण ज्या उणिवा मी सांगणार आहे त्या डोंगरावरील बऱ्याच रिसॉर्टमध्ये सापडतील आणि वाचकाने नाव टाळण्यापेक्षा प्रश्न विचारायला शिकावे हे अधिक उपयोगाचे आहे. खोली प्रशस्त होती, लाकडी जमीन स्वच्छ होती, आणि खिडकीचा पडदा सारला की समोर एकामागे एक अशा पाच-सहा डोंगररांगा दिसत, त्यांतली शेवटची सकाळी निळी आणि संध्याकाळी जांभळी. सोलापूरच्या उन्हाळ्यातून आलेल्या माणसाला मे महिन्यात रात्री रजई ओढून झोपायला मिळणे, हे सुख शब्दांत सांगणे कठीण आहे. पहिल्या रात्री पत्नी मध्येच उठली आणि पंखा नाही म्हणून नव्हे तर पंख्याचा आवाज नाही म्हणून झोपमोड झाल्याचे म्हणाली. आमच्याकडे मार्च ते जून तो आवाज कधी थांबतच नाही.

उणिवांची सुरुवात आरक्षणापासून होते. आम्ही ‘गोल्फसह मुक्काम’ असे पॅकेज घेतले होते आणि ते साध्या खोलीपेक्षा जवळजवळ एक-तृतीयांशाने महाग होते. मैदानावर गेल्यावर कळले की त्यात रोजच्या केवळ नऊ होलची ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचे शुल्क) धरलेली आहे. क्लबचे भाडे, कॅडी, उरलेले नऊ होल हे सर्व वेगळे. गारपिटीमुळे बुडालेला अर्धा दिवस पुढे ढकलून मिळेल का, याचेही उत्तर स्वागतकक्षात कोणाला देता येईना. दुसरी गोष्ट, ‘मैदानापासून काही मिनिटांवर’ असे जे जाहिरातीत लिहिले होते ते मोटारीचे अंतर होते. पायी जायचे तर रस्त्याच्या कडेने पाऊण तासाचा चढ, आणि रिसॉर्टची मोटार सकाळी आठच्या आधी निघत नसे. गोल्फ खेळणारा माणूस डोंगरावर येतो तो सकाळच्या पहिल्या उजेडासाठी. आठ वाजेपर्यंत त्याला खोलीत बसवून ठेवणारे रिसॉर्ट गोल्फचे पॅकेज विकत असेल तर ते त्या खेळाविषयी पुरेसा विचार करून विकत नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. आम्ही तिन्ही दिवस बाहेरची टॅक्सी ठरवली. व्यवस्थापकांशी शांतपणे बोलल्यावर त्यांनी चूक मान्य केली, दोन रात्रींच्या जेवणाचे पैसे बिलातून कमी केले आणि पॅकेजच्या पत्रकात काय येते व काय येत नाही हे लिहून घालण्याचे आश्वासन दिले. त्यांची ही वागणूक सभ्यपणाची होती आणि तीही येथे नोंदवली पाहिजे.

न्हाणीघरातील टॉवेलविषयी न लिहिणे मला शक्य नाही. दिसायला तो जाडजूड आणि मऊ होता, परंतु अंग पुसताना पाणी टिपण्याऐवजी अंगावरून नुसते सरकवत होता. याचे कारण बहुतेक वेळा धुण्यात असते. सॉफ्टनर अधिक वापरला की प्रत्येक धाग्यावर मेणासारखा थर बसतो, टॉवेल गालाला मऊ लागतो पण त्याची पाणी शोषण्याची ताकद जाते. मी तो उजेडात धरून पाहिला तर पाईलचे (वर उठलेल्या सुतांचे) फेरे एका बाजूला ओढले गेले होते आणि लांबीकडच्या कडेची शिवण दोन ठिकाणी सुटली होती. वजनाला तो 400 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आतबाहेरचा असावा. डोंगरावर, जेथे कपडा वाळायला वेळ लागतो, तेथे याहून जड टॉवेल घेऊ नये हे खरे, पण त्याच वजनात घट्ट विणीचा, सॉफ्टनरशिवाय धुतलेला सुती टॉवेल दुप्पट काम देतो. खोल्यांची देखभाल करणाऱ्या मुलाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी नुसत्या गरम पाण्यात धुतलेले टॉवेल आणून ठेवले आणि फरक त्यालाही पटला.

याच मुलाने आणि स्वयंपाकघरातील माणसांनी आमचा मुक्काम खऱ्या अर्थाने सुखाचा केला. गारपिटीत माझे बूट आतपर्यंत भिजले होते. संध्याकाळी ते खोलीच्या दारात ठेवले आणि सकाळी पाहतो तर त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, रात्रभर बॉयलरच्या खोलीत ठेवून, कोरडे करून कोणीतरी परत आणून ठेवलेले. कोणी सांगितले नव्हते, कोणी बक्षिसीची वाट पाहिली नव्हती. जेवणात रोजचे पनीर आणि दालफ्राय होतेच, परंतु आचाऱ्याला विचारल्यावर त्याने सिड्डू करून घातले. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचे, आत अक्रोड आणि खसखशीचे सारण भरलेले, वाफेवर शिजवलेले हे जाड कानवल्यासारखे पक्वान्न कडकडीत तुपात बुडवून खायचे असते. आम्ही बरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेली होती. पत्नीने चटणीचा डबा स्वयंपाकघरात दिला आणि आचाऱ्याने सिड्डूवर तूप आणि त्यावर चटणी घालून पाहिली, मग उरलेल्या दोन दिवसांत तो डबा आमच्याकडे परत आलाच नाही. पहाटे साडेपाचला मिळालेला चहाही त्याच्याच कृपेने, कारण रिसॉर्टच्या वेळापत्रकात चहा सातला होता.

खेळाव्यतिरिक्त पाहण्यासारखे आजूबाजूला पुष्कळ आहे, पण आम्ही फार धावाधाव केली नाही. एका दुपारी सतलजच्या काठी तत्तापानीला उतरून गंधकाच्या गरम पाण्यात पाय बुडवून आलो, ते मात्र आवर्जून करावे. तीन दिवस उतारावर चाललेल्या पोटऱ्यांना त्याने मोठा आराम पडला.

जाण्याचा काळ ठरवताना एवढे ध्यानात घ्यावे की जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो, डोंगरातील रस्ते दरडी कोसळून बंद पडतात आणि हिवाळ्यात बर्फ येतो. एप्रिल ते मध्य जून किंवा मग सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. मे महिन्यात शिमल्याला गर्दी फार असते, म्हणून पुढच्या वेळी आम्ही दसऱ्यानंतर जाणार आहोत. आरक्षणापूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात: ग्रीन फी किती होलची, क्लब आणि कॅडी त्यात धरले आहेत की नाही, हवामानामुळे खेळ बुडाला तर काय, आणि सकाळी सहाला मैदानावर पोहोचवण्याची सोय आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर बाकीच्या तिन्हींची उत्तरे कितीही चांगली असली तरी मी ती खोली घेणार नाही. मैदानाच्या अगदी लगत, चालत पोहोचता येईल अशा राहण्याच्या जागा तेथे आहेत. खोली लहान असली तरी चालेल, पण पुढच्या वेळी मुक्काम तेथेच करणार. चालताना दम लागण्याची सवय नसलेल्यांनी पहिल्या दिवशी अठराऐवजी नऊच होल खेळावेत. माझे वय 58 आहे आणि मी रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने तासभर चालतो, तरीही पहिल्या दिवशी बाराव्या होलनंतर मला दोनदा बसावे लागले.

राहता राहिला तो टॉवेल, ज्याच्यामुळे हे सारे सुरू झाले. मी आमच्या कारखान्यातले सहा टॉवेल बरोबर नेले होते आणि पहिल्याच दिवशी त्यांतला एक कॅडीला दिला. त्याने तो नळाखाली धरून अर्धा भिजवला, अर्धा कोरडा ठेवला आणि पिशवीला अडकवताना त्याची अडचण झाली, कारण आयलेट कोपऱ्यात असल्याने टॉवेल लांबलचक लोंबत होता, चढावर त्याचे खालचे टोक जमिनीला लागून माती धरत होते आणि ओले अंग कोरड्याला चिकटत होते. ओल्या भागाने आयर्नच्या खाचांतली माती काढायची आणि कोरड्या भागाने मूठ व चेंडू पुसायचा, अशी त्याची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याने टॉवेलच्या मधोमध चाकूने चीर पाडून त्यातून क्लबचे डोके ओवले होते. आता ओला अर्धा भाग पिशवीच्या एका अंगाला आणि कोरडा दुसऱ्या अंगाला पडत होता आणि जमिनीला काहीच लागत नव्हते. चिरेच्या कडा मात्र उसवू लागल्या होत्या. सोलापूरला परतल्यावर मी आमच्या मास्तरांकडून मधोमध चार इंचांची चीर, तिला दुहेरी शिवणीची पट्टी आणि अर्ध्या भागाला वॉफल (चौकड्यांची) वीण, अर्ध्याला टेरी, असे नमुने करून घेतले आहेत. त्यांतले बारा परवाच्या टपालाने नालदेहऱ्याला पाठवले असून, पट्टी चढावर किती टिकते हे पाऊस सुरू होण्याआधी कळवण्यास त्याला सांगितले आहे.